औषधाचं नंतर, आधी पाणी मोज

कोणतं औषध घालू, हा तुझा पहिला प्रश्न. पाणी किती अंशांवर आहे हे मी विचारलं, तर तू माझ्याकडे बघत राहिलास. टाकीत थर्मामीटरच नाही! नागपूरचा मे महिना, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लागून काचेची टाकी आणि त्यात मेक्सिकोतल्या थंड तळ्याचा सॅलमँडर, अ‍ॅक्सोलॉटल. वर मला सांगतोस, ‘सर, तो आजारी पडला.’ तो आजारी पडलेला नाही. तू त्याला आजारी पाडलं आहेस. एवढं कबूल असेल तर पुढे बोलू.

उभयचर प्राणी शीतरक्ती असतात, हे वाक्य परीक्षेत लिहून तू गुण घेतलेस. अर्थ कधी लक्षात घेतलास का? तुला गरम झालं की तुझं शरीर घाम काढतं, तू पंख्याखाली बसतोस, पाणी पितोस. या सॅलमँडरला त्यातलं काहीच करता येत नाही. पाण्याचं जे तापमान, तेच त्याचं. मी माझा थर्मामीटर बुडवला तेव्हा पारा ३१ वर होता. म्हणजे त्याचं रक्त ३१ वर, हृदय ३१ वर. त्याला मानवतं १६ ते १८. विशीच्या पुढे ताण सुरू होतो आणि २४ च्या पुढे जिवावर बेततं. तू त्याला दिवसरात्र तापात ठेवलंस आणि ‘जेवत नाही’ म्हणून त्याच्यावरच रुसलास.

तो कुठला, हे विकत घेण्याआधी विचारलंस? मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही वर कितीतरी. तिथेसुद्धा त्याचे दिवस भरत आलेत. १९९८ च्या पाहणीत चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, २०१४ मध्ये ३६ उरले. सांडपाणी आलं, माणसांनी सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे अंडी-पिल्लं खाऊ लागले. तुझ्या टाकीतला मात्र तिथून आलेला नाही. १८६४ मध्ये ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले. त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले, त्यांची वीण वाढली आणि प्रयोगशाळांतून जगभर पसरली. टाकीत जन्मणाऱ्या कित्येक पिढ्या झाल्या, पण थंड पाण्याची गरज काही सुटली नाही. दुकानदार म्हणाला, ‘इथल्या हवेला सवय झालेला माल आहे.’ आणि तू मान डोलावलीस.

‘पण सर, तो तर हसत होता.’ अरे, त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे! मरतानाही तो तसाच दिसेल. चेहरा कसला बघतोस, कल्ले बघ. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे ते तुरे पुढे वळलेत. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलंय. घडीघडी वर येऊन हवा गिळतोय. कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसतोय, ती बुरशी. ही लक्षणं एका रात्रीत उगवत नाहीत. तो तुला रोज सांगत होता. तू फोटो काढत होतास.

आता पाण्याकडे ये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १६ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, तर ३१ ला सात-साडेसात. नेमकी उष्णतेने त्याची प्राणवायूची गरज वाढलेली असते. तिसरी गोष्ट अमोनिया. त्याची विष्ठा, कुजणारं अन्न, सगळ्यातून अमोनिया सुटतो आणि पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर त्याचं विषारी रूप वाढतं. पाणी १५ वरून ३० अंशांवर गेलं, तर तेवढ्याच अमोनियाचं विष अडीच पटींहून जास्त होतं. फिल्टरमध्ये हा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. तू रविवारी टाकी आणलीस, रविवारीच पाणी भरलंस आणि संध्याकाळी प्राणी सोडलास. नळाचं पाणी, क्लोरीनसकट. बुरशी आकाशातून पडली नाही. भाजलेल्या, गुदमरलेल्या कातडीवर ती बसणारच होती.

आणि मग डॉक्टरकी! निळं औषध, पिवळं औषध, माशांचं टॉनिक, तिन्ही एकाच दिवशी. उभयचराची त्वचा पातळ असते, पाण्यातलं सगळं शोषून घेते. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं आणि तांबं याला विष. बाटलीवरचा मजकूर वाचलास? नाही. दुकानदाराने दिलं म्हणून ओतलंस. शिवाय ते औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं, म्हणजे अमोनिया आणखी वाढणार.

‘पंखा लावला होता सर’, हेही ऐकलं. पंखा लावणं वाईट नाही, पण पंख्याने किती उतरतं हे तुला काढता यायला हवं होतं. पाण्याची वाफ होताना ते थंड होतं, माठात होतं तसंच. पण त्याला तळ आहे. प्रयोगशाळेतला ओल्या फडक्याचा थर्मामीटर आठवतो? तो जिथे थांबतो, त्याखाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल, तर तो थांबतो साधारण २४ ला. म्हणजे कोरड्या मेमध्येही पंखा एकटा १८ गाठून देणार नाही. पावसाळा लागला, हवा दमट झाली, की तोच काटा २७ च्या आसपास अडकेल. तेव्हा ‘आता गारवा आला’ म्हणून तू निर्धास्त होशील आणि टाकी मात्र तापलेलीच राहील. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत राहणाऱ्यांची ही रडकथा तर वर्षातले बरेच महिने.

आता बर्फाचा हिशोब कर, फळ्यावर. तुझी टाकी ६० लिटरची. एक अंश उतरवायला ६० किलोकॅलरी काढाव्या लागतात. ३१ वरून १८ म्हणजे १३ अंश, ७८० किलोकॅलरी. एक किलो बर्फ, म्हणजे पाणी गोठवलेली एक बाटली, वितळताना ८० घेतो. किती झाले? जवळजवळ दहा बाटल्या, एकदाच उतरवायला! आणि खोली चाळीसला, ती लगेच परत तापवू लागणार. तू सकाळी एक बाटली टाकून कॉलेजला गेलास. सव्वा अंश उतरला असेल, तोही दुपारपर्यंत गेला. म्हणूनच सांगतो, या प्राण्याला आपल्याकडे पाळायचं तर पाणी गार ठेवणारा चिलर हवा किंवा दिवसरात्र एसी चालणारी खोली हवी. हा खर्च झेपत नसेल, तर प्राणी झेपत नाही. इतकं सरळ आहे ते.

आता काय करायचं ते लिहून घे. नळाचं पाणी क्लोरीन काढून घे, अँटिक्लोर घाल. दहा लिटरचा स्वच्छ टब घे, ज्याला साबण कधी लागलेला नाही असा. सुरुवातीचं पाणी टाकीच्याच तापमानाचं ठेव आणि त्याला त्यात हलव. लहान टबाचा फायदा हिशोबात बघ: तेच १३ अंश उतरवायला १३० किलोकॅलरी, दोन बाटल्यांत काम. पण एकदम नाही. तासाला एक-दोन अंश, याहून घाई नको. ३१ वरून थेट गार पाण्यात टाकलंस, तर तो धक्क्यानेच जाईल. सुटा बर्फ टाकायचा नाही, बंद बाटलीच. टब थर्माकोलच्या खोक्यात ठेव, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उजेडापासून लांब. वरून जाळी, कारण घाबरला की उडी मारतो. हवेचा पंप बारीक सोड. इतक्या थोड्या पाण्यात घाण लवकर साठते, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं, आणि नवं पाणी आधीच त्याच तापमानाला आणून ठेवायचं.

दोन दिवस खायला घालू नकोस. मग गांडूळ, तेही औषध न मारलेल्या मातीतलं, धुऊन. उकडलेली कोंबडी नाही, पोळीचा तुकडा तर नाहीच. टाकीतली ती रंगीत खडी आजच काढ. तो तोंड उघडून पाणी ओढतो आणि खड्यासकट गिळतो, पोटात अडकतं. सोबतचे गोल्डफिशही बाहेर काढ, कल्ले कुरतडतात ते. फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती कुणी सांगेल. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय, स्वतःच्या डोक्याने, अजिबात नाही. मिठाचं पाणी, मिथिलीन ब्लू, जे काही असेल ते त्यांच्या मापाने. कुत्र्या-मांजरांपलीकडे उभयचर बघणारा डॉक्टर गाठ, आणि जाताना टाकीचं पाणी बाटलीत घेऊन जा.

‘त्याचे पाय तोडले तरी परत उगवतात ना?’ हेही तू विचारलंस. उगवतात. पाय, शेपूट, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा भागसुद्धा. म्हणून तो अमर झाला का? शरीर परत घडवायला थंड पाणी, प्राणवायू आणि अन्न लागतं. त्यातलं एकही तू दिलेलं नाहीस. उकळत्या भांड्यात कुणी पाय उगवून दाखवत नाही.

आणखी एक. कंटाळा आला म्हणून अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडायचा विचार मनात आला असेल, तर आत्ताच पुसून टाक. तो तिथे उन्हाने मरेल आणि मरण्याआधी बुरशी, विषाणू आपल्या बेडकांना देऊन जाईल. आपल्या महाराष्ट्रात सॅलमँडर नाहीतच. भारतातले दार्जिलिंगच्या आणि ईशान्येच्या डोंगरांत आहेत, आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून विचारतो, नोंदणी केलीस? हा प्राणी साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. दुकानदाराने पावती दिली का, प्राण्याचा उगम लिहून दिला का, तेही बघ.

तू दुष्ट नाहीस, मला ठाऊक आहे. रडलास, रात्रभर जागलास. पण प्राण्याला तुझ्या जागरणाचा उपयोग शून्य आहे. त्याला पारा खाली हवा. ज्याने महिनाभरात तापमान एकदाही मोजलं नाही, त्याने ‘जीव लावला होता’ म्हणू नये.

म्हणून वही घाल. सकाळी, दुपारी, रात्री पाण्याचं तापमान. दिवसातून एकदा अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. पहिले दोन शून्यच हवेत, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत. तो जगला, तर पुढचा प्रश्न तुझ्या वडिलांसमोर बसून सोडवायचा आहे: जुलैच्या उकाड्यात, दिवाळीला गावी गेलात तेव्हा, रात्री वीज गेली तेव्हा पाणी १८ वर कोण ठेवणार? उत्तर नसेल, तर ज्याच्याकडे चिलर आहे आणि अनुभव आहे, अशाला देऊन टाक, आणि देताना त्याची वही आधी बघ. मग पुन्हा दुकानात जायचं नाही, दुसरा ‘गोजिरवाणा’ आणायचा नाही.

उद्या सकाळी पहिली नोंद घेऊन ये. आकडे लिहिलेले नसतील, तर औषधाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही.