विस्तारित देह आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मानवाने आपल्या मर्यादा आपणच ओलांडाव्यात, हा विचार ज्युलियन हक्सली यांनी १९५७ मध्ये 'ट्रान्सह्यूमॅनिझम' या संज्ञेखाली मांडला. पुढे त्याची जी परामानववादी मांडणी झाली, तिच्यात देह हे सुधारण्याजोगे उपकरण आणि स्वायत्त 'मी' हा त्याचा धनी, असे द्वैत बहुधा गृहीत धरलेले असते. मानवी देह कालबाह्य झाला आहे, असे घोषित करणारा ऑस्ट्रेलियन प्रयोगकलावंत स्टेलार्क (जन्म १९४६) या विचाराचा प्रवक्ता मानला जातो. परंतु त्याचे प्रयोग त्याच्या घोषणेला दुजोरा देतातच असे नाही.

१९९५ च्या 'फ्रॅक्टल फ्लेश' या प्रयोगात त्याचा देह लक्झेंबर्गमध्ये होता. पॅरिस, हेलसिंकी व ॲमस्टरडॅम येथील माणसे स्पर्शपटलाद्वारे त्याच्या स्नायूंना विद्युत्-उद्दीपन देऊन अवयव हलवीत होती. पोट व पाय यांच्या स्नायूंतील संकेतांवर चालणारा यांत्रिक 'तिसरा हात' मात्र त्याच्याच ताब्यात होता. यंत्र स्वाधीन आणि मांस पराधीन, असा हा विपर्यास होता.

येथे कर्ता कोण? 'हात हलला', 'हात हलवला' आणि 'हात हलवायला लावला' असे तीन भेद मराठी करते. कलावंताला केवळ पहिले विधान करता येते, दूरस्थ व्यक्तीला दुसरे. तिसरे कोणालाच लागू पडत नाही. कारण कलावंताला काही करायला लावलेले नाही, त्याच्या इच्छेला वगळूनच क्रिया घडली आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले. त्या निकषावर पाहता दूरस्थ व्यक्तीही अपुरी ठरते, कारण तिच्यापुढील पर्याय यंत्ररचनेनेच आखून दिलेले आहेत.

कलावंताने संमती दिली होती, असा आक्षेप यावर घेता येईल. तो खरा आहे. पण अपुरा आहे. भूल घेणारा रुग्णही संमती देतो, तथापि शल्यविशारद रुग्णाच्या हिताशी बांधलेला असतो. पटलाला स्पर्श करणाऱ्यावर असे कोणते बंधन आहे? संमतीमुळे प्रयोग वैध ठरतो, परंतु प्रत्येक हालचालीचे उत्तरदायित्व संपत नाही. ते अनेकांत विभागले जाते आणि विभागले गेल्यामुळेच कोणाला जाणवेनासे होते.

परामानववाद सामर्थ्याच्या वृद्धीचा हिशेब मांडतो. या प्रयोगातील देह मात्र विस्तारताना परस्वाधीनही होतो. सामर्थ्याबरोबर उत्तरदायित्वाचा विस्तार झाला नाही, तर कालबाह्य ठरेल तो देह नव्हे. आपल्या कृतीला 'माझी' म्हणण्याची माणसाची क्षमता.