वाणीचं तप आणि ‘ढ’ अक्षर



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक घेतला आहे. शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तपाची तीन रूपं भगवंत तिथे सांगतात. त्यातलं वाणीचं तप या श्लोकात आलंय. आपल्या बोलण्याने समोरच्याला पीडा होऊ नये, ते खरं असावं, ऐकायला बरं वाटावं आणि त्याच्या हिताचं असावं. शिवाय याच श्लोकात स्वाध्याय, म्हणजे ग्रंथांचं नित्य पठण, हेही वाणीचंच तप म्हणून सांगितलंय.

हा श्लोक मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. कळायला मात्र पस्तिशी उजाडली, आणि तीसुद्धा एका दवाखान्याच्या जिन्यात.

आमच्या कराडच्या घरी मार्गशीर्षात गीतेचं वाचन व्हायचं. प्रत्येकाने एक श्लोक वाचायचा आणि पोथी पुढच्याकडे द्यायची. माझा धाकटा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याची पाळी जवळ आली की त्याला हमखास तहान लागायची. “पाणी पिऊन येतो” म्हणून जो उठायचा, तो पोथी पुढे सरकल्यावरच परत यायचा. बाबा चिडायचे. कधी हात उचलायचे. आणि मी, ज्याला सगळं घडाघडा वाचता यायचं, गालातल्या गालात हसायचो. शाळेत मुलं त्याला ‘ढ’ म्हणायची. ते नाव घरी आणलं ते मी.

म्हणजे बघा, श्लोकातला स्वाध्याय आमच्याकडे रोज चालू होता आणि त्याच श्लोकातलं बाकीचं सगळं त्याच पाटावर बसून आम्ही मोडत होतो.

आता माझा लेक तिसरीत आहे, मराठी शाळेत. गोष्टी सांगायला बसला की थांबत नाही. पण पुस्तक उघडलं की ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चं ‘मात’ होतं. पहिल्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत त्याला अनोळखी वाटतो. आम्ही सगळे करतात तेच केलं. शिकवणी लावली, मोबाईल बंद केला, ओरडलो. एका रात्री मी म्हणालो, “तुझं लक्षच नसतं, आळशी झालायस तू.” तो वहीकडे बघत म्हणाला, “बाबा, मी लक्ष देतोय.”

त्याच्या वर्गशिक्षिका जाणत्या होत्या. त्यांनीच तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. आधी बालरोगतज्ज्ञ, मग डोळे आणि कान. दोन्ही ठीक. मग मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन चाचणी घेतली, तीही उत्तम. शेवटी विशेष शिक्षिकेने वाचन, लेखन आणि गणित यांची सविस्तर चाचणी घेतली. एवढं सगळं झाल्यावर नाव मिळालं : डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता. लिहिण्यात अडचण असेल तर डिसग्राफिया, आकड्यांत असेल तर डिसकॅलक्युलिया. बुद्धी चांगली, शाळा नियमित, डोळे-कान ठीक, तरीही वाचन वयाच्या मानाने फार मागे, असं दिसलं की या दिशेने बघतात. म्हणून निदानात ‘काय आहे’ याच्याआधी ‘काय नाही’ हे तपासावं लागतं.

मूळ अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते, ती आवाज आणि अक्षर यांच्या जोडणीत असते. बोलणं मूल ऐकून आपोआप शिकतं. वाचन तसं येत नाही, ते शिकवावंच लागतं. शब्दातले आवाज सुटे करणं आणि प्रत्येक आवाजाला खूण लावणं हे काम काही मेंदूंना फार जड जातं. आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते हे खरं, पण तिच्यातही खाचाखोचा आहेत. ‘कि’मधली वेलांटी आधी लिहितो आणि बोलतो नंतर. ‘सूर्य’मधला र बोलतो आधी, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर. तोच र ‘चक्र’मध्ये वेगळा दिसतो आणि ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा. आपल्याला हे जाणवतही नाही. माझ्या लेकाला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावं लागतं. हल्ली मराठीतूनही याची तपासणी होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीही आहे.

सगळं समजावून झाल्यावर त्या बाईंनी सहज विचारलं, “घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का? हे बरेचदा घराण्यात असतं.” मी म्हणालो, “नाही.” लेकाचा हात धरून जिना उतरू लागलो आणि अर्ध्यावर पाय थांबले. पाणी प्यायला उठणारा माझा भाऊ डोळ्यांसमोर आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही कारणमीमांसा लिहितो. तिचा नियम असा की कोणाचंही नाव घेऊन दोष द्यायचा नाही. ‘का झालं’ हे विचारत विचारत मुळापर्यंत जायचं. कारण दोष द्यायला घेतला की शोध तिथेच थांबतो. यंत्रासाठी हे शहाणपण मला होतं. सख्ख्या भावासाठी मात्र एका अक्षरात काम संपवलं होतं.

इथे मला आजचा प्रश्न दिसतो. एखाद्याचं वागणं कशामुळे आहे हे सांगणं ही नुसती माहिती असते, की ते पाप-पुण्याचं काम असतं? मला वाटतं, ते पाप-पुण्याचंच काम आहे. ‘आळशी’, ‘ढ’, ‘नाटकी’ हे शब्द वर्णन केल्यासारखे वाटतात, पण ती निदानंच असतात, न तपासता केलेली.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. मुलगा हुशार, नजर चांगली, पण छापील शब्द वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकांचं मत असं होतं की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत चमकदार मुलगा ठरला असता. त्या शिक्षकांना रोग माहीत नव्हता, पण त्यांनी खोटं कारणही चिकटवलं नाही.

याच्या उलटही घडलंय. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत त्याचं कारण ‘आईचा थंडपणा’ असं सांगितलं जायचं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात तोच सूर लावला. त्याआधीच, 1964 मध्ये, स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे खोडलं होतं आणि कारण शरीरात, मेंदूत शोधायला हवं असं मांडलं होतं. तरी कितीतरी आयांनी तो खोटा दोष वर्षानुवर्षं वाहिला. चुकीचं कारण एखाद्याला असं आयुष्यभर चटके देऊ शकतं.

आपल्याकडे आणखी एक कारण तयार असतं : ‘मागच्या जन्मीचं कर्म.’ मी कर्मसिद्धांत मानतो. पण तो स्वतःला सावरायला आहे, असं माझं नम्र मत आहे. दुसऱ्याच्या दुखण्यावर निकाल द्यायला नाही. दुसऱ्याचं दुखणं समोर आलं की आपलं त्या घडीचं कर्म एकच, मदतीचं. नामस्मरणाचंही तसंच. ज्याला नैराश्य आलंय, ज्याची छाती कारण नसताना धडधडते, त्याला आपण म्हणतो, “नाम घे, सगळं ठीक होईल.” नाम घ्यावंच. पण मधुमेहाच्या माणसाला नाम घे आणि इन्सुलिन बंद कर, असं आपण सांगत नाही ना? मग मनाच्याच आजारात डॉक्टर, समुपदेशन आणि गोळ्या यांची लाज कशाला?

“असं लेबल लावलं की मुलाला आयती सबब मिळत नाही का?” असं मला सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर मला घरातच मिळालं. ‘आळशी’ या शब्दावर उपाय एकच असतो, ओरडणं. ‘डिस्लेक्सिया’ या शब्दावर काम सुरू होतं. यावर गोळी नाही. आठवड्यातून तीनदा उपचारात्मक शिक्षण असतं. अक्षर वाळूत बोटाने गिरवायचं, त्याच वेळी त्याचा आवाज मोठ्याने काढायचा, टाळी वाजवून शब्द फोडायचा. आज शिकलेलं उद्या पुन्हा. माझा लेक आता पूर्वीपेक्षा जास्त कष्ट करतो, फक्त त्या कष्टांना दिशा आहे. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ती मेहरबानी नव्हे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपी करतोस म्हणत नाही.

लेकाला सांगायचं का, यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. तेव्हा श्लोकातल्या कसोट्या उपयोगी पडल्या. लपवलं तर ‘खरं’ राहत नाही. नुसता कागद वाचून दाखवला तर तो घाबरेल. शेवटी हिने त्याला सांगितलं, “तुझा मेंदू गोष्टी पटकन पकडतो, अक्षरं सावकाश पकडतो. सावकाश म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.” तो म्हणाला, “म्हणजे मी ढ नाही?” हा शब्द त्याच्यापर्यंतही पोचलेला होता.

त्या शनिवारी मी कराडला गेलो. धाकट्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, लांबून लोक येतात. त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मी सगळं सांगितलं. लेकाचं, जिन्याचं, आणि मग म्हणालो, “तुलाही हेच असावं. तू ढ नव्हतास. चुकलो आम्ही. मी तर जास्तच.”

तो हातातला पान्हा पुसत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “दादा, हे बाबा असताना कळायला हवं होतं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते वाईट नव्हते. त्यांनाही कोणी खरं कारण सांगितलं नव्हतं. पण मार तर बसलाच, तो परत घेता येत नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. आई म्हणाली, पंधरावा अध्याय म्हणा. मी मोबाईलवर शोधू लागलो, तोवर धाकट्याने सुरुवात केली होती. पुस्तक नाही, काही नाही. आजीच्या मांडीवर ऐकून ऐकून त्याला अख्खा अध्याय पाठ आहे. इतकी वर्षं मी त्याच्या वाचनाकडे बघत होतो, त्याचं पाठांतर मी कधी ऐकलंच नव्हतं.

आजचा अभ्यास : आज कुणालाही ‘आळशी’, ‘ढ’, ‘वेडा’, ‘नाटकी’ म्हणावंसं वाटलं, तर क्षणभर थांबूया. हे खरं आहे का, की मला फक्त सोपं वाटतंय? याने त्याचं भलं होईल का? उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण विचारूया’ एवढंच म्हणूया. तेही वाणीचं तपच आहे.

पांडुरंगा, जिभेवर येणारा पुढचा शब्द तूच तपासून दे.

राम कृष्ण हरी.