तुळशीची माळ आणि व्यवस्थापकाची शपथ



गेल्या आषाढीच्या वारीत दोन्ही पालख्या पुण्यास मुक्कामी असताना भवानी पेठेत एका वाड्याच्या चौकात आमचे प्रवचन झाले. मंडळी उठली. कोणी पालखी विठोबाच्या रांगेकडे, कोणी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे गेली. एक पंचविशीतला मुलगा मात्र खांबाला टेकून बसून राहिला. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात कंपनीचे ओळखपत्र. आम्ही पोथी बांधू लागलो तेव्हा तो जवळ आला, नमस्कार केला, आणि सदऱ्याच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढून म्हणाला, "महाराज, ही आजोबांनी माझ्या गळ्यात घातली. कामावर जाताना मी ती आत दडवितो. आता वाटते, काढूनच ठेवावी."

"का रे बाळा? तुटली काय?"

"माळ धड आहे, महाराज. मी धड नाही."

मग त्याने सांगितले ते असे. पुण्यातच एका संस्थेत तो व्यवस्थापनशास्त्र शिकला. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले. पदवी घेण्याच्या दिवशी सगळ्या वर्गाने उभे राहून शपथ घेतली की, हिशेब खरा मांडू, स्वतःच्या लाभासाठी संस्थेस वा समाजास बुडविणार नाही, कायदा पाळू. ती शपथ चौकटीत घालून त्याने घरी भिंतीला लावली. पुढे नोकरी लागली ती लोकांच्या ठेवी वळवून विमा विकण्याची. महिन्याला इतके विमे खपलेच पाहिजेत, नाहीतर बढती नाही, आणि पुढे कदाचित नोकरीही नाही. महिना संपत आला, आकडा पुरा होईना. तेव्हा एका विधवा आजीबाईंची दोन लाखांची मुदत ठेव त्याने मोडविली आणि विम्यात घातली. "ठेवीसारखेच आहे, आजी, व्याज जास्ती," एवढेच सांगितले. दोन लाख एकदाच नव्हे, तर दहा वर्षे दर वर्षी भरावयाचे आहेत, हे सांगितले नाही. आजीबाईंनी त्याला चहा दिला आणि गळ्यातली माळ दिसली म्हणून म्हणाल्या, "माळकरी आहेस ना रे? मग मला वाचायचे काय काम? कुठे सही करू सांग."

मंडळी, त्या सहीला साक्षीदार कोण होता, तर पांडुरंगाची माळ!

आता ही शपथ आली कोठून, ते थोडके पाहू. पुण्यात हे शास्त्र शिकविणे काही कालचे नव्हे. पुणे विद्यापीठाचा विभाग १९७१ सालचा, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची संस्था १९७४ ची, सिंबायोसिसची १९७८ ची. आज तर अशा संस्था मोजून संपणार नाहीत. परंतु पदवीधराने शपथ घ्यावी ही चळवळ गाजली ती अमेरिकेत. सप्टेंबर २००८ मध्ये तिकडील लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली आणि तिच्या मागोमाग जगभर लोकांच्या ठेवी, घरे, नोकऱ्या गेल्या. पेढ्या चालविणारे पुष्कळसे नामांकित विद्यालयांत शिकलेले होते. त्याच सुमारास हार्वर्ड येथील दोन प्राध्यापकांनी, राकेश खुराना आणि नितीन नोहरिया यांनी, व्यवस्थापकांनाही वैद्यांप्रमाणे आचारसंहिता हवी असे लिहिले. दोघेही मूळ भारतीय वंशाचे. आणि २००९ साली तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपण होऊन शपथ तयार केली. शंभर सह्या मिळाल्या तरी पुष्कळ, असे त्यांना वाटले होते. मिळाल्या चारशेंहून अधिक. पुढे अनेक देशांतल्या विद्यालयांत ती गेली.

त्याच वर्षी इकडे काय घडले? ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या एका मोठ्या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, आमच्या हिशेबातले आकडे वर्षानुवर्षे खोटे होते. त्या कंपनीचे नाव होते 'सत्यम'. नाव सत्यम, आणि वही असत्य! तेव्हा तिकडच्या लोकांना हसण्याचे आपल्याला कारण नाही.

यावर पूर्वपक्ष असा की, ही शपथ पोकळ आहे. वैद्य चुकला तर त्याचे नाव नोंदवहीतून काढता येते. वकिलाची सनद जाते. हिशेबतपासनिसास त्याची संस्था जाब विचारते. व्यवस्थापकाचे काय जाते? काही नाही. ज्या शपथेला दंड नाही, ती शपथ कसली?

हा आक्षेप बळकट आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मूळ शब्दच पाहा. 'शपथ' हा शब्द 'शप्' धातूपासून आला, आणि 'शाप' शब्दही त्याच धातूचा. शपथ घेणे म्हणजे, मी मोडली तर माझे वाईट होवो, असा आपणच आपल्याला शाप देऊन ठेवणे. पूर्वी माणूस शपथ घेताना थरथरत असे तो म्हणून. आज छायाचित्रकार समोर उभा, अंगात काळे झगे, आणि शपथ! शाप कोणाच्या ध्यानातही नाही.

दुसरा शब्द आहे 'व्रत'. तो 'वृ' धातूपासून, म्हणजे निवडणे. आपण होऊन निवडले, रोज पाळले, ते व्रत. वारकऱ्याची माळ हे व्रत आहे. आता विचार करा, आमच्या माळेला तरी कोणता कायदा आहे? माळ घालताना खोटे बोलू नये, परद्रव्य घेऊ नये, परस्त्री मातेसमान मानावी, मद्यमांस वर्ज्य करावे, एकादशी आणि वारी चुकवू नये, असे आपण कबूल करतो. मोडले तर कोणी फौजदार येत नाही. तरी घरोघरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. का टिकली? माळ घालून आम्हांस कोणी मोकळे सोडले नाही म्हणून. दर पंधरा दिवसांनी एकादशी दारात येऊन विचारते, "आठवण आहे ना?" वर्षातून वारी येते. दिंडीत वीणेकरी असतो, टाळकरी असतात, मागे आयाबाया असतात. कोण कसा वागतो ते अठरा-वीस दिवसांत झाकून राहत नाही. पाय दुखले तर दुसरा खांदा देतो, आणि पाय वाकडा पडला तर दुसराच कान धरतो. त्या मुलाच्या शपथेत शब्द वाईट नव्हते. तिला एकादशी नव्हती, वारी नव्हती, दिंडी नव्हती, एवढेच तिचे उणे.

आणखी एक भेद आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला अग्नीसमोर नियम सांगितले आहेत, ते विद्येच्या आरंभी. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरूचा उपदेश आहे तो घरी निघालेल्या शिष्याला, म्हणजे विद्येच्या शेवटी. त्या उपदेशात गुरू स्वतःविषयीही सांगतात की, आमचे जे चांगले दिसले तेवढेच उचला, बाकीचे नको. असे सांगणारा गुरू असला तर शेवटच्या उपदेशाला वजन येते. दोन वर्षे 'नफा कसा वाढवावा' एवढेच घोकवून शेवटच्या दिवशी पाच मिनिटे धर्म सांगितला, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोणी म्हणेल, "महाराज, व्यापार आणि धर्म यांचे जमायचे कसे?" त्याने महाभारताचे शांतिपर्व उघडावे. जाजलि नावाच्या तपस्व्याने एवढे घोर तप केले की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला अभिमान झाला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, काशीच्या तुलाधार वाण्याकडे जा, तो तुझ्याहून मोठा आहे. तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याचे तप एवढेच की, त्याचा तराजू सर्वांना सारखा. जाणत्याला एक माप आणि अडाण्याला दुसरे, असे त्याच्याकडे नव्हते. आमच्या मुलाचा तराजू कोठे झुकला? जी वाचू शकत नव्हती, तिच्यापाशी. वकील समोर असता तर तो असा बोलला असता काय?

परंतु तुलाधाराचे दुकान त्याचे स्वतःचे होते. आजच्या व्यवस्थापकाचे तसे नाही. तो मालक नाही, गिऱ्हाईकही नाही; दोघांच्या पैशाचा तो राखणदार आहे. शास्त्रात विश्वासाने ठेवलेल्या द्रव्याला 'निक्षेप', 'उपनिधि' म्हणतात. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात त्यावर एक अध्यायच लिहिला. ठेव राखणाऱ्याने ती स्वतः वापरली तर भाडे भरावे आणि वर दंडही द्यावा, असे त्यात सांगितले. ठेव अडकली म्हणजे काय होते ते पुणेकरांना सांगावयास नको. १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर २०१३ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे म्हातारी माणसे आपल्याच पैशांची वाट पाहत होती.

अशा राखणदाराने काय करावे? याचे उत्तर देहूत आहे. तुकोबाराय वाणी होते, घरात महाजनकी होती, देणीघेणी होती. दुष्काळात धंदा बसला, घरातली माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण सारेच सांगतो. परंतु महिपतीबुवांनी त्यात एक बारकावा सांगितला आहे, तो बहुधा निसटतो. धाकट्या कान्होबांनी आपला वाटा मागितला. तेव्हा खतांचे दोन भाग झाले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी तुकोबांनी डोहात सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. मंडळी, त्यागसुद्धा आपल्याच वाट्यातून करावा लागतो. दुसऱ्याच्या खिशातून उदार होता येत नाही, आणि आपल्या अडचणीचे मोल दुसऱ्याच्या पदरातून फेडता येत नाही. त्या मुलाला आकड्याची अडचण होती. तिचे मोल कोणी भरले? आजीबाईंनी. शपथेचे सारे मर्म एवढेच आहे, की खरेपणाची किंमत माझ्या वाट्यातून जावो. माझी बढती, माझे बक्षीस, माझा मान यांतून जावो.

हे सांगताना आमची जीभ अडखळते, तेही सांगून टाकतो. एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. ज्या गृहस्थाच्या खर्चाने मांडव पडला होता, ते पुढेच लोडाला टेकून बसलेले, धंदा व्याजबट्ट्याचा. चरित्र तुकोबांचेच लावलेले होते. कर्जखतांचा प्रसंग आला आणि आम्ही तो गाळून पुढे गेलो. गृहस्थ प्रसन्न झाले, पाकीटही जाड मिळाले. कीर्तनाच्या मोबदल्याविषयी तुकोबांनी किती कडक सांगितले आहे, हे आम्हीच इतरांना सांगत असतो! त्या रात्री मांडवात कर्जाने गांजलेली माणसे बसली होती. त्यांच्या वाट्याचे आम्ही विकले. तेव्हा तो मुलगा आणि आम्ही एकाच दुकानाचे नोकर ठरलो. पाकीट खर्चून गेले. प्रसंग अजून गळ्याशी आहे.

म्हणून त्या मुलाला आम्ही रागे भरलो नाही. विचारले, "कागद आजीबाईंच्या हाती पडून किती दिवस झाले?"

"वीस."

"परत करण्याची काही मुदत असते का रे?"

तो चपापला. "असते, महाराज. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवस."

"म्हणजे पांडुरंगाने तुला अजून दहा दिवस ठेवले आहेत. माळ काढू नकोस. सदऱ्याच्या बाहेर काढ आणि उद्या तशीच आजीबाईंकडे जा."

"आणि नोकरी, महाराज? कर्जाचे हप्ते आहेत."

हा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्याला नोकरी सोड म्हणून सांगितले नाही. त्याचे हप्ते काही आम्ही भरणार नव्हतो, आणि दुसऱ्याच्या वाट्यातून वैराग्य सांगणे सोपे असते. एवढेच म्हणालो, "जाईल ते तुझ्या वाट्याचे जाऊ दे. एकटा राहू नकोस मात्र. दर एकादशीला येऊन सांग, पंधरा दिवस कसे गेले."

आषाढ वद्य एकादशीस तो आला. आजीबाईंपुढे त्याने सगळे खरे सांगितले होते. त्या पहिल्याने रडल्या, मग रागावल्या, मग त्यांनीच अर्जावर सही केली, या वेळी शेजारच्या मुलीकडून अक्षर न् अक्षर वाचून घेऊन. किरकोळ वजावट होऊन पैसे परत आले. वरिष्ठांनी त्याला सर्वांदेखत बोल लावला, त्या महिन्याचे बक्षीस गेले. नोकरी अजून आहे, पुढचे सांगवत नाही. तो दुसरीकडे शोधतो आहे. येताना बरोबर कामावरच्या दोन मित्रांना घेऊन आला. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. पण त्यांनाही काही सांगावयाचे होते. तिघे आमच्या ओसरीवर बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. आम्ही मनात म्हटले, झाली, दिंडी निघाली.

वाचकहो, तुमच्या घरीही कोणी मुलगा, कोणी सून अशा कचेरीत जात असेल. पगार किती, हे आपण विचारतो. एखाद्या एकादशीस फराळाच्या वेळी जवळ बसवून हेही विचारावे, "बाळा, या पंधरवड्यात कोणाला फसवावे लागले का?" विचारावे ते रागाने नव्हे, दिंडीतला सोबती पायाचा फोड पाहतो तसे. आणि त्याने खरे सांगितले, त्यापायी घरात चार पैसे कमी आले, तर ते कमी आपल्या ताटात वाढून घ्यावे. मग त्याची शपथ एकट्याची राहणार नाही.

रामकृष्ण हरि.