‘माहिती अपुरी’

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या एका वटवाघळाचे वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले व त्याला रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे या जातीचे एवढे एकच घर जगाला ठाऊक होते. साहजिकच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत १९९६ साली तिची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

मग कंबोडिया व मेघालय येथेही ती आढळल्याच्या नोंदी २००१ व २००२ साली प्रसिद्ध झाल्या. मात्र एकूण संख्या किती, ती घटते की वाढते, हे कळेना. म्हणून २००८ साली शेरा बदलला : ‘माहिती अपुरी’.

कोणी म्हणेल, रक्षणासाठी जुनाच शेरा ठेवला असता तर काय बिघडले असते? पुष्कळ बिघडले असते. हेतू चांगला असला म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. उलट दुसरा म्हणेल, म्हणजे धोका टळला! तेही खरे नव्हे. हा शेरा सुरक्षिततेचा दाखला नाही. ती जात संकटात असण्याचा संभव त्यात मान्य केलेला असतो.

साक्ष देणे वेगळे आणि वागणे वेगळे. साक्षीत ठाऊक आहे तेवढेच सांगावे. वागताना मात्र जे ठाऊक नाही त्याचीही कदर करावी. पडक्या भिंतीआड मूल खेळत आहे की नाही हे माहीत नसता आपण भिंत पाडत नाही. आधी हाक मारतो, डोकावून पाहतो. मोडलेली गुहा पुन्हा घडविता येत नाही.

लेवीयाच्या पुस्तकात वाघूळ अशुद्ध प्राण्यांत मोजले आहे, हे वाचकांस स्मरत असेल. परंतु ती खाण्याची मनाई आहे, नाशाची परवानगी नव्हे. नोहाच्या तारवात अशुद्ध प्राण्यांनाही जागा होती.

शेरा बदलल्यावर तीन वर्षांनी, २०११ साली, बारापेडेचा परिसर भीमगड अभयारण्यात समाविष्ट झाला. ‘आम्हांला पुरते ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणावे, आणि तरीही दार राखावे. अज्ञानी माणसाला याहून उचित वर्तन कोणते?