दोष कोणाचा?

भिलाईत परवा आम्हां मंडळींत वाद निघाला. जन्मतःच करुणाशून्य तो सायकोपॅथ, परिस्थितीने बिघडलेला तो सोशिओपॅथ असे म्हणतात. मग अधिक दोषी कोण? (वैद्यक हा भेद मानीत नाही; समाजविरोधी व्यक्तिमत्त्वविकार हे एकच नाव देते.) मला पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवले. १९७६-७७ मध्ये चार विद्यार्थ्यांनी दहा जीव घेतले. पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी. १९८३ मध्ये ते येरवड्यास फाशी गेले. मुंबईचा रामन राघव मात्र मनोरुग्ण ठरला. १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेवर आली. परंतु ज्याला परदुःख जाणवतच नाही, तो तरी निरोगी कसा? कृत्य कळत होते काय, एवढेच कायदा विचारतो. त्याचे काही वाटत होते काय, हे विचारीत नाही. विचारले असते, तर निर्दयतेलाच सूट मिळाली असती.