वर्ण की वर्ग? एका जुन्या भांडणाची उलटतपासणी

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्ष अध्यक्षपदाची निवडणूक हरला, की निकालाची शाई वाळायच्या आत पक्षात एक ठरलेले भांडण सुरू होते. एक गट म्हणतो, आपण काळ्यांच्या, स्थलांतरितांच्या, अल्पसंख्याकांच्याच प्रश्नांवर बोलत राहिलो आणि कारखान्यातला साधा गोरा कामगार हातचा गेला. आता पगार, महागाई आणि दवाखान्याची बिले यांपलीकडे काही बोलू नका. दुसरा गट म्हणतो, त्या कामगाराने वर्णद्वेषापोटीच आपल्याला सोडले. त्याची मनधरणी करायची म्हणजे आजवर निष्ठेने मत देणाऱ्या काळ्या मतदाराच्या पाठीत सुरा खुपसायचा. १९८४ च्या पराभवानंतर हे झाले, २०१६ नंतर झाले, २०२४ नंतरही झाले. मजा अशी, की इतके कडाकडा भांडणाऱ्या या दोन्ही गटांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. प्रश्न प्रचारात काय बोलावे एवढाच आहे, असे दोघेही धरून चालतात. ते कोणी बोलावे, कुठे बोलावे आणि ऐकणाऱ्याने त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा भाग चर्चेतून गळून जातो. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

या वादाचे मूळ शोधायला फार मागे जाता येईल, पण त्याची नीट मांडणी पहिल्यांदा केली ती डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी, १९३५ साली, ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गरीब गोरे आणि नुकतेच मुक्त झालेले काळे यांचे हितसंबंध उघडपणे सारखे असताना ते एकत्र का आले नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे: गोऱ्या मजुराला पैशाच्या रूपात मजुरी कमी मिळत होती, पण तिच्या जोडीला मानाची एक वेगळी मजुरी मिळत होती. सार्वजनिक जागी त्याला मज्जाव नव्हता, पोलीस त्याच्यातलेच होते, शाळा बऱ्या होत्या, न्यायालय त्याला सांभाळून घेत होते. ही वरकड मिळकत सोडून काळ्याशेजारी उभे राहायला तो राजी नव्हता. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पुढच्याच वर्षी आंबेडकरांनी समाजवाद्यांना बजावले, की जातीने नुसत्या श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी केली आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे साचेखाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. १९४६ साली त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, यात योगायोग काही नाही. दोघे एकाच रोगाचे निदान करत होते.

डु बॉइस यांचे म्हणणे खरे मानले तर पुढचा प्रश्न असा, की मानाची ही मजुरी सोडायला गोरा कामगार कधी तयार होतो? याचे उत्तर डेट्रॉइटमध्ये पाहायला मिळते. जून १९४३ मध्ये तिथल्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती देऊन गोऱ्यांच्या बरोबरीने यंत्रजोडणीच्या कामावर घेतले, तर सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. महायुद्ध ऐन भरात, कारखान्यात लढाऊ सामग्री तयार होते आहे, आणि संप कशासाठी तर तीन माणसांच्या बढतीविरुद्ध. मोटार कामगारांच्या संघटनेचे, म्हणजे यूएडब्ल्यूचे, पुढारी या वेळी आपल्याच बहुसंख्य सभासदांच्या विरोधात उभे राहिले. संप काही दिवसांत मोडला, चिथावणी देणाऱ्यांवर कारवाई झाली आणि ती तीन माणसे कामावर राहिली. त्याच महिन्यात शहरात वांशिक दंगल उसळली. तिच्यात ३४ माणसे मेली, त्यांतली २५ काळी. वर्गजाणीव कामगाराच्या अंगात जन्मजात असते आणि वर्णाचे राजकारण केल्याने ती बिघडते, असे मानणाऱ्यांनी पॅकार्डचा हा प्रसंग नीट पाहावा. तिथे एकजूट आयती नव्हती. सभासदांना शिव्या घालत, वर्गणी घेत, पगारवाढ मिळवून देत संघटनेने ती घडवली, आणि तीही कारखान्याच्या फाटकापुरतीच.

फाटकाबाहेर काय होते हे इतिहासकार थॉमस सग्रू यांनी दाखवून दिले आहे. कारखान्यात काळ्याशेजारी काम करणारा तोच गोरा सभासद संध्याकाळी घरी गेला, की आपल्या आळीत काळे कुटुंब येऊ नये म्हणून घरमालकांच्या मंडळात बसत असे. १९४९ च्या महापौर निवडणुकीत संघटनेचा पाठिंबा असलेला उमेदवार याच घरमालकांच्या मतांनी पडला. पण इथे सरकारही हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. न्यू डीलच्या काळात गृहकर्जांच्या हमीसाठी वस्त्यांची प्रतवारी झाली आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, म्हणजे काळ्या कामगारांतले बहुसंख्य बाहेर राहिले. ‘फक्त वर्गाचे बोला, सगळ्यांना सारखे मिळेल असे बोला’ म्हणणाऱ्यांवर काळे विचारवंत जो अविश्वास दाखवतात तो हवेतून आलेला नाही. सगळ्यांसाठी म्हणून आलेल्या योजना सगळ्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, हा त्यांच्या आजोबांचा अनुभव आहे.

साठच्या दशकात नागरी हक्कांचे कायदे झाले आणि कोंडी फोडायचा सर्वांत गंभीर प्रयत्न बेयर्ड रस्टिन यांनी केला. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची सगळी व्यवस्था त्यांनी पाहिली होती. त्यांचे म्हणणे असे, की उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळाला, पण तिथले बिल भरायला पैसे कुठून येणार? १९६६ मध्ये त्यांनी आणि ए. फिलिप रँडॉल्फ यांनी ‘फ्रीडम बजेट’ मांडले: दहा वर्षांत १८५ अब्ज डॉलर, सर्वांना रोजगार, किमान उत्पन्न, घरे, आणि तेही वर्ण न पाहता. व्हिएतनामच्या खर्चात ते वाहून गेले. याच सुमाराला अलाबामाचे वर्णभेदवादी पुढारी जॉर्ज वॉलेस उत्तरेतल्या गोऱ्या कामगारांत लोकप्रिय होऊ लागले. १९६८ मध्ये ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा शरदात संघटनांनी आपल्या सभासदांत लाखो पत्रके वाटली. त्यांत वर्णद्वेषावर प्रवचन नव्हते. वॉलेस यांच्या अलाबामात कामगाराला किती कमी मजुरी मिळते, याचा हिशोब होता. वॉलेस यांचा जोर ओसरला आणि मिशिगन राज्य डेमोक्रॅट हंफ्री यांनी जिंकले. चार वर्षांनी मात्र, डेट्रॉइट आणि उपनगरांतली मुले बसने एकमेकांच्या शाळांत पाठवण्याचा वाद पेटलेला असताना, त्याच मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक वॉलेस यांनी ५१ टक्के मतांनी जिंकली. संघटनेचा शब्द पगाराच्या बाबतीत चाले; मुलांच्या शाळेच्या बाबतीत तो चालेलच असे नव्हते.

आता मॅकोम्ब. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेली ही काउंटी म्हणजे मोटार कामगारांचे उपनगर. १९६० मध्ये तिने केनेडींना ६० टक्क्यांहून अधिक मते दिली आणि १९८४ मध्ये रेगनना तीनपैकी दोन. हे कसे झाले ते पाहायला जनमत-अभ्यासक स्टॅन्ली ग्रीनबर्ग १९८५ मध्ये तिथल्या पक्ष सोडलेल्या मतदारांशी जाऊन बोलले. त्यांना आढळले, की आपल्या आयुष्यात जे जे बिघडले त्याचा दोष हे लोक काळ्यांवर ढकलत होते, आणि ‘न्याय’ हा शब्द ऐकला की ‘आपल्या खिशातून त्यांना’ असा अर्थ घेत होते. हे निरीक्षण प्रामाणिक होते. पक्षाने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सोयीचा होता. काळ्यांपासून चार हात दूर दिसा, गुन्हेगारीवर कडक बोला, मदत योजनांना कात्री लावा. बिल क्लिंटन १९९२ मध्ये जिंकले, मग १९९४ चा गुन्हेकायदा आला, १९९६ चा कल्याणयोजनांचा कायदा आला. पण त्याच काळात, १ जानेवारी १९९४ पासून, नाफ्टा करार लागू झाला आणि २००० मध्ये चीनशी कायमचा व्यापार खुला झाला. म्हणजे वर्णाचा मुद्दा आवरता घेतला तो वर्गाचा मुद्दा पुढे नेण्यासाठी, असेही झाले नाही; दोन्ही सोडले. मॅकोम्बच्या कामगाराला सांस्कृतिक समाधान मिळाले आणि कारखाना मेक्सिकोला गेला. ‘वर्गाकडे वळा’ या सल्ल्याचा प्रयोग ऐंशी-नव्वदच्या दशकांत झाला आणि फसला, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की तो प्रयोग झालाच नाही.

२०१६ च्या निकालाने दोन्ही गटांच्या हाती एकेक काठी दिली. याच मॅकोम्बने २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामांना मत दिले होते. आता तिथे ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली, आणि सगळे मिशिगन त्यांनी जिंकले ते १०,७०४ मतांनी. काळ्या माणसाला दोनदा मत देणारा तिसऱ्या खेपेला निव्वळ वर्णद्वेषाने उठला, हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. पण डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत आहे, तिथे हिलरी क्लिंटन यांना ओबामांपेक्षा पंचाहत्तर हजारांहून अधिक मते कमी पडली. दुरावलेला कामगार फक्त गोरा नव्हता. त्यातला काळा दुसरीकडे न जाता घरी बसला होता. यानंतर कायदेपंडित इयन हेनी लोपेझ आणि इतरांनी तिसरी वाट सुचवली: वर्णाचे नाव टाळू नका, पण सांगा, की मूठभर श्रीमंत तुमच्यात भांडणे लावून दोघांचाही खिसा कापतात. मांडणी खरी आहे, इतिहासाला धरून आहे. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराने १९५९ मध्ये काळ्यांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून आपली सार्वजनिक उद्याने बंद केली आणि भला मोठा पोहण्याचा तलाव बुजवून टाकला. त्या उन्हाळ्यात गोरी मुलेही उन्हातच राहिली. हेदर मॅकगी यांनी हे उदाहरण सर्वत्र पोहोचवले. तरीही माझी शंका राहते. तलावाची गोष्ट दूरदर्शनच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीत कोणी अनोळखी माणूस सांगतो तेव्हा ती जाहिरातच राहते.

२०२४ ने जुने गृहीतकच उडवले. रिओ ग्रांद नदीकाठची टेक्सासमधली स्टार काउंटी जवळपास पूर्णपणे लॅटिनो आणि गरीब. २०१२ मध्ये तिने ओबामांना ८६ टक्के मते दिली होती. २०२४ मध्ये ती ट्रम्प यांना गेली. १८९२ नंतर प्रथमच तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला. प्यू संस्थेच्या पाहणीनुसार देशभरातल्या लॅटिनो मतदारांत ट्रम्प यांचा वाटा चार वर्षांत ३६ टक्क्यांवरून ४८ वर गेला, काळ्यांत ८ वरून १५ वर. ‘कामगार म्हणजे गोरा आणि वर्णाचा प्रश्न म्हणजे बाकीच्यांचा’ ही विभागणी, जिच्यावर चाळीस वर्षांचे भांडण उभे होते, ती मतदारांनीच मोडून टाकली.

बोलणारा संघटनेतला, ओळखीचा माणूस हवा, या माझ्या म्हणण्यावर मोठा आक्षेप बायडन यांच्या उदाहरणातून येतो. संघटनांच्या बाजूने इतका उघड उभा राहिलेला अध्यक्ष नजीकच्या काळात झाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ते मिशिगनमध्ये संपकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेचा बुडू घातलेला पेन्शन फंड सरकारने ३६ अब्ज डॉलर देऊन वाचवला. त्या टीमस्टर्सनी २०२४ मध्ये कोणालाच पाठिंबा दिला नाही आणि त्यांच्या अंतर्गत कौलात बहुमत ट्रम्प यांच्या बाजूने निघाले. मग संघटना काय कामाची? आक्षेप हलका नाही. जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेली महागाई कोणत्याही पेन्शनीपेक्षा रोज जास्त दिसत होती, हे एक कारण. पण दुसरे अधिक खोल आहे. वॉशिंग्टनने वरून दिलेला पैसा आणि संघटनेने लढून मिळवलेला पैसा यांचे राजकीय मोल सारखे नसते. १९५० च्या दशकात जवळपास एकतृतीयांश कामगार संघटित होते. २०२४ मध्ये ९.९ टक्के, आणि खासगी क्षेत्रात ५.९. जिथे संघटनेची वर्गणी ऐच्छिक करून संघटनांचे कंबरडे मोडणारे कायदे झाले, तिथे अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवाराची मते सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटली, असे फायगनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. फ्रायमर आणि ग्रंबाख यांना २०२१ मध्ये आढळले, की संघटनेत आलेल्या गोऱ्या कामगाराचा काळ्यांबद्दलचा आकस कमी होतो. पॅकार्डचे पुढारी सभासदांशी भांडून जे करत होते, त्याची खूण आजही दिसते. फक्त ते करणारे उरले नाहीत.

मिसुरी राज्याकडे पाहा. ट्रम्प तिथे २०१६ मध्ये जवळपास १९ टक्क्यांनी जिंकले. तिथल्या संघटनांनी दारोदार फिरून तीन लाखांवर सह्या गोळा केल्या आणि २०१८ मध्ये संघटनाविरोधी कायदा लोकमताने दोनतृतीयांश मतांनी पाडला. २०२४ मध्ये त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर मिसुरीने ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून अधिक मते दिली, आणि तासाला १५ डॉलर किमान वेतन व पगारी आजारपणाची रजा यांनाही ५७ टक्क्यांहून अधिक. पुढच्या वर्षी रिपब्लिकन विधिमंडळाने आणि राज्यपालांनी ती रजा रद्द केली. डेमोक्रॅटिक पक्षाने पुढच्या निवडणुकीत वर्णाबद्दल बोलावे की वर्गाबद्दल, याची समिती खुशाल नेमावी. पण त्याआधी मिसुरीतल्या त्या मतदाराची रजा कोणी काढून घेतली, हे त्याच्या ओळखीचा माणूस म्हणून त्याच्या दारात जाऊन सांगू शकतील असे आपल्याकडे किती जण आहेत, ते मोजावे.