मुलांना किती भिऊ द्यावे?

भयाशिवाय बालपण असते का? आजीच्या कुशीत गोष्टी ऐकलेली माणसे नाही म्हणतील. पिंपळावरचा मुंजा, तिठ्यावरची हडळ, कोकणातला देवचार ही मंडळी आपल्या घरांत आमंत्रणावाचून वावरत असत. दशावतारातला काळा संकासुर पाहून आईच्या पदराआड दडलेले मूल पुढच्या वर्षी त्यालाच पाहायला डोळे ताणून जागे राही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आळीतली पोरे अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात आणि पहाटे ते जाळले जातात. भय मुलांपासून लपवून ठेवावे, असे आपल्याकडे कुणाला वाटले नाही. मात्र त्याला एक शिस्त होती. सांगणारे माणूस आपले असे, आणि नरकासुराच्या रात्रीनंतरची पहाट ठरलेली असे.

ती शिस्त आज सैल झाली आहे. पंधरा वर्षांचा मुलगा पांघरुणात शिरून मोबाइलवर एकट्याने भयपट पाहतो. शेजारी आजी नसते आणि पहाटेचीही हमी नसते. म्हणून "अमुक चित्रपट मुलांना दाखवावा का हो?" असे पालक विचारतात, तेव्हा मला तो केवळ करमणुकीचा प्रश्न वाटत नाही. एखादे चित्र मनात शिरले की ते पुसता येत नाही. दुसऱ्याच्या मनात ते शिरू द्यायचे की नाही, हा नीतीचाच प्रश्न आहे.

मोघम बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा चित्रगृहांत लागला. भाषा हिंदी असली तरी त्याचे गोत्र मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले, प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची आणि भूमी कोकणातल्या पावसाची. साहजिकच आपल्या घरांत मुलेही त्याच्याविषयी विचारतात.

त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे. म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना चित्रगृहात प्रवेश नाही, आणि तिथे वय चोरून मुलाला आत नेणाऱ्या पालकाने पुढे त्याला खरे बोलायला सांगू नये. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन 'यूए' या वर्गाच्या सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या झाल्या, ही सोय चांगलीच आहे. पण घरच्या पडद्याच्या दाराशी तिकीट तपासणारा उभा नसतो. तिथे ते काम आपल्याकडे येते. शिवाय पडद्यावर ढोबळमानाने काय आहे एवढेच प्रमाणपत्र सांगते. आपल्या मुलाच्या मनात त्याचे काय होईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

'तुंबाड'मध्ये भिववणारे पुष्कळ आहे. साखळदंडाने बांधलेली म्हातारी आहे, देहातून उगवलेले झाड आहे, देवीच्या गर्भात कोंडलेला हस्तर आहे. सोन्याचा लोभ धरल्याने तो अन्नाला मुकला, म्हणून कणकेच्या बाहुल्यांवर झडप घालतो आणि त्याच्या लंगोटातून मोहरा गळतात. एवढे पाहून आपण डोळे झाकतो. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने अवघड जागा वेगळीच आहे. वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारपुढे असहाय झालेली विनायकची आई आणि पुढे विनायकने ठेवलेली विधवा यांच्याकडे प्रेक्षक फारसे वळून पाहत नाहीत. राक्षस खोटा आहे, हे तेरा वर्षांच्या मुलाला कळते. ही माणसे मात्र खोटी नाहीत, आणि त्यांच्याविषयी काय वाटून घ्यावे हे त्याला एकट्याला कळत नाही.

म्हणून चित्रपट किती घाबरवतो, यापेक्षा तो कशाची भीती घालतो, हे मी आधी पाहते. काही चित्रपटांत माणसांचा छळ हीच गंमत असते. बळी पडणाऱ्याला चेहरा नसतो आणि पाहणारा टाळ्या पिटतो. तिथे रक्त कमी सांडले तरी मी मुलांना बसवणार नाही. 'तुंबाड'मधली भीती लोभाची आहे आणि लोभाचा हिशेब तिथे चुकता होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण पैशाशेजारी लाह्या-बत्तासे का मांडतो, याचा विचार सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला करावासा वाटेल, इतका तो आशय सकस आहे. त्या वयाच्या मुलाबरोबर, स्वतः आधी पाहून, घरी बसून तो पाहावा असे मला वाटते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र नको. "वर्गातल्या सगळ्यांनी पाहिला" या युक्तिवादापुढे आईवडिलांनी थोडा वाईटपणा घ्यावा.

अर्थात वय ही एकच मोजपट्टी नव्हे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, मूल रात्री दचकून उठत असेल, तर सतराव्या वर्षीही थांबावे. पाहताना "बंद करा" म्हणण्याची मोकळीक त्याला हवी. "एवढा मोठा झालास आणि भितोस?" हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारू नये, मामा-काकांनीही नाही. असे हसे झालेले मूल पुढच्या वेळी भीती सांगत नाही, ती घेऊन झोपायला जाते.

आपल्या सीमाभागातल्या घरांत आणखी एक अडचण असते. मूल शाळेत कन्नड-इंग्रजीत वावरते, चित्रपट हिंदीत पाहते आणि घरी आपण मराठीत विचारतो, "काय रे, कसा वाटला?" ते म्हणते, "बरा होता." पुष्कळदा त्याला सांगायचे असते, पण त्या भीतीचे शब्द दुसऱ्या भाषेत असतात. तेव्हा त्याला कन्नडात सांगू द्यावे, मोडकेतोडके सांगू द्यावे. मराठी शुद्ध करण्याची ती वेळ नव्हे.

'तुंबाड'मधला विनायक आपल्या एका पायाने अधू असलेल्या कोवळ्या मुलाला मोहरा काढण्याची तालीम देतो आणि दोर सोडून त्या गर्भात उतरवतो. उतरायचे कसे हे तो शिकवतो, उतरायचे कशासाठी हे मात्र कधी सांगत नाही. शेवटी बापाने पुढे केलेला लंगोट मुलगा नाकारतो. ते शहाणपण त्याला बापाने दिलेले नसते, बापाचे झालेले हाल पाहून ते त्याला येते. भयपट दाखवू पाहणाऱ्या प्रत्येक पालकाने ही बापलेकांची जोडी ध्यानात ठेवावी. मुलाला अंधारात उतरवणे सोपे असते. कशासाठी उतरवतो आहोत हे आपल्याला सांगता येत असेल, आणि त्याला वर घ्यायला आपण दोर धरून तिथेच बसणार असू, तर खुशाल उतरवावे. नसेल, तर त्या रात्री पडदा बंदच ठेवलेला बरा.